असत म्हणजे कधीपर्यंत?

घोसाळकर मॅडमना लग्नपत्रिका दिली की ती चार दिवसांत परत यायची. लाल पेनाने दुरुस्त होऊन. 'आशिर्वाद'मधली पहिली वेलांटी दुसरी केलेली, हॉलचा पत्ता तपासलेला आणि खाली बारीक अक्षरात 'शुभेच्छा. जेवायला येईन.' माझी पत्रिका परत आली तेव्हा तिच्यावर एवढंच लिहिलं होतं : 'नवऱ्या मुलाचं आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने छापलंय. नक्की कोणाशी लग्न करते आहेस ते ठरव.' आई आठवडाभर मॅडमच्या नावाने बोटं मोडत होती. पत्रिका मात्र पुन्हा छापल्या.

आमचं ऑफिस जासईला, कंटेनर यार्डाच्या समोर, पहिल्या मजल्यावर. न्हावा शेवा बंदरात आलेला माल कस्टममधून सोडवून द्यायचा हा आमचा धंदा. मालक म्हात्रे शेठ, जासईचेच. मॅडम तिथे कागदपत्रांच्या प्रमुख. आमच्या धंद्यात कागदावर एक अक्षर चुकलं की अख्खा कंटेनर आठवडाभर उन्हात तापत पडतो. त्यामुळे मॅडमच्या नजरेखालून गेल्याशिवाय ऑफिसातून चिठोरंही बाहेर पडत नसे. बाहेरचा कोणीही काहीही ठामपणे सांगायला लागला की त्या हात पुढे करायच्या, "मूळ कागद दाखवा." हे त्या कस्टम अधिकाऱ्याला म्हणत, ट्रक ड्रायव्हरला म्हणत, आणि एकदा दारात आलेल्या ज्योतिषालाही म्हणाल्या.

मी नोकरीसाठी गेले तेव्हा माझा अर्ज त्यांनी शेवटपर्यंत वाचला. माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याचे, आणि अर्ज लिहून दिला होता क्लासच्या सरांनी.

"'मी मेहनती व प्रामाणिक आहे.' याचा पुरावा जोडलेला नाही."

"त्याचा काय पुरावा देणार, मॅडम?"

"नाही ना देता येत? मग काढ ते." त्यांनी वाक्यावर रेघ मारली. "उरलेला अर्ज ठीक आहे. सोमवारपासून ये. शनिवारी मी नसते. शनिवारी ऑफिसला आग लागली तर मला फोन करायचा नाही. आधी विझवायची, रविवारी कळवायचं."

शनिवारचं कोडं मला दोन महिने सुटलं नाही. नाव मिल्का, आडनाव घोसाळकर, नेसणं नारायणपेठ, बोलणं अलिबागकडचं. शेवटी मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही ख्रिश्चन का?"

"नाही गं. ज्यू. बेने इस्राएल. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. माझ्या आजोबांचा रेवदंड्याजवळ तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद. बैलालासुद्धा सुट्टी."

"आणि मिल्का म्हणजे?"

"आमच्या पोथीत आहे एक. नाहोरची बायको. आता नाहोर कोण म्हणून विचारू नकोस, मलाही नीटसा माहीत नाही. तिने पोथीत काहीसुद्धा केलेलं नाही, म्हणून बाबांनी ते नाव निवडलं असणार. सेफ."

देवाशी त्यांचं नातं असंच होतं, सलगीचं आणि अटीशर्तींचं. "त्याला मी शनिवार दिलाय," त्या म्हणायच्या, "उरलेले सहा दिवस त्याने माझ्या भानगडीत पडू नये." वर्षातून एकदा त्या पंचवीस तासांचा कडक उपास करत. सोसायटीतल्या बायका कळवळून विचारायच्या, "पाणीपण नाही? निदान साबुदाणा तरी?" मॅडम गंभीरपणे सांगायच्या, "आमच्या देवाला साबुदाणा माहीत नाही. उगीच त्याचा गोंधळ नको." कोपरखैरण्याला बोनकोडे गावाच्या कडेला त्यांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. दाराच्या चौकटीवर तिरपी ठोकलेली बोटाएवढी पितळी डबी. तिला मेझुझा म्हणतात, आत प्रार्थनेचा कागद असतो. समोरचे जोशीकाका पहिले सहा महिने ती डबी दाबून दार उघडायची वाट बघत उभे राहत. मॅडमनी त्यांना सांगितलं नाही. "म्हातारा रोज देवाच्या वचनाला हात लावत होता. पुण्य लागलं असेल, कशाला अडवू?"

म्हात्रे शेठशी त्यांचं तीस वर्षांचं भांडण कोलंबीवरून होतं. शेठच्या घरून डबा आला की ऑफिसभर वास सुटायचा. मॅडम झाकण उघडून बघायच्या आणि बंद करायच्या. खवले नसलेली मासळी त्यांना वर्ज्य होती.

"मॅडम, आता कोलंबीला खवलं मी कुठशी आनू?" शेठ हवालदिल व्हायचे.

"नका आणू. पुढच्या वेळी पापलेट आणा."

एका शनिवारी मोठ्या पार्टीचा माल अडकला आणि शेठ फोन लागेना म्हणून थेट त्यांच्या घरी गेले. मॅडमनी दार उघडलं, आत बसवलं आणि थर्मासमधला शुक्रवारी केलेला चहा पुढे ठेवला. "आज मी कागदाला हात लावत नाही. तुम्हीही फोन बंद करा आणि बसा." शेठ का कोण जाणे, बसले. तीन तास. चहा भयंकर होता, असं त्यांनी सोमवारी सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर मात्र महिन्यातून एखाद्या शनिवारी शेठचा फोन दुपारभर बंद लागायचा. शेठाणी म्हणायच्या, "गेलं असतील मॅडमकं. तो नासका चा पियाला."

तर अशा मॅडमना गेल्या वर्षी एक निमंत्रण आलं. बेलापूरला एका काचेच्या इमारतीत ज्यू इतिहासाचं आणि संस्कृतीचं नवं संग्रहालय उघडलं होतं. कुठल्याशा परदेशी ट्रस्टचं. 'समाजाच्या ज्येष्ठ सदस्या' म्हणून बोलावणं होतं. मॅडमनी पत्रातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मला म्हणाल्या, "जाधव, रविवारी मोकळी आहेस ना? मला एकटीला संग्रहालयात सोडलं तर तिथंच ठेवून घेतील."

आम्ही रिक्षाने गेलो. दारात पिशव्या मशीनमधून गेल्या, मनगटावर कागदी पट्टा आला, कानाला हेडफोन आले. आमच्यासोबत अन्वी नावाची गोड मुलगी दिली होती, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर न ढळणारं हसू. "मॅम, इथे काहीच नुसतं बघायचं नाही. टच करायचं, फील करायचं. फुल्ली इंटरअॅक्टिव्ह."

पहिल्या दालनात जमिनीवर समुद्र होता. म्हणजे वरून प्रकाश पडून लाटा उसळत होत्या, पायाखालची फरशी हलत होती. कोकण किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ती ही कथा. हात वल्ह्यांसारखे हलवले की पडद्यावरचं गलबत पुढे जाणार होतं. मी जोरजोरात हात हलवले. मॅडम त्या वादळाच्या मधोमध स्थिर उभ्या राहिल्या.

"मॅम, तुम्ही रो नाही करत?"

"कशाला? फुटणारच आहे ना? एखादी खुर्ची बघ गं, माझे गुडघे दुखतात."

पुढच्या दालनात तेलाचा घाणा होता. लाकडाला हात लावला की करकर आवाज आणि घुंगरांची छुमछुम. मॅडमनी तीन वेळा हात लावून ऐकलं. "हा बैल आहे की लावणीला निघालाय? आजोबांच्या बैलाच्या गळ्यात एकच घंटा होती. थांबला की कळावं म्हणून." अन्वीने ते नम्रपणे टॅबवर टिपून घेतलं. मग स्वयंपाकघर. नळ्यांमध्ये नाक घालायचं आणि बटण दाबायचं, की नारळाच्या दुधाचा वास, वेलदोड्याचा वास, वालाच्या बिरड्याचा वास. मॅडमनी बिरड्याच्या नळीत नाक घातलं आणि चटकन मागे घेतलं. "याला फिनेलची फोडणी दिलीय."

मग डोळ्यांवर भलामोठा चष्मा चढवून जेरुसलेमवरून उडायचं होतं. मी खाली बघून किंचाळले. मॅडम अर्ध्या मिनिटात चष्मा काढून भिंतीला टेकल्या. चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"पाणी आणू का, मॅम?"

"आण. दोन हजार वर्षं आमची माणसं प्रार्थनेत म्हणत आली, पुढल्या वर्षी जेरुसलेमात. आणि मी पोचले तर मला ओकारी आली."

मी हसून हसून बेजार झाले होते. इथवर आमचा रविवार छान चालला होता.

शेवटच्या दालनाला नाव होतं 'हरवलेलं कोकण'. तिथे माणसाएवढ्या पडद्यावर एक नऊवारीतली आजी बसली होती. खाली पाटी, 'आजीला विचारा'. मॅडम तिच्यासमोर उभ्या राहिल्या. दोघींचे केस सारखेच पांढरे.

"आडनाव काय तुमचं?"

आजी हसली. "मला प्रश्न समजला नाही. मी तुम्हाला मलिद्याबद्दल सांगू का?"

"गाव कुठलं?"

"मला प्रश्न समजला नाही. मी तुम्हाला मलिद्याबद्दल सांगू का?"

"सांग बाई, एकदा सांगून मोकळी हो."

आजीने सांगितलं, नवसाच्या ताटातले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आठवण. सगळं बरोबर होतं. मॅडमनी मान डोलावली आणि त्या बाजूच्या काचेच्या फलकाकडे वळल्या. आतून दिवा लावलेला, बोटभर उंच अक्षरांचा फलक. त्यावर लिहिलं होतं : 'बेने इस्राएल लोक मराठी बोलत असत. ते शनिवारी आपले घाणे बंद ठेवत असत. घराच्या दारावर ते मेझुझा लावत असत.'

मॅडमनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. आता एखादी वेलांटी सापडणार म्हणून मी वाट बघत होते. पण त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला.

"अन्वी," त्या म्हणाल्या, "असत म्हणजे कधीपर्यंत?"

"सॉरी मॅम?"

"बोलत असत. कधीपर्यंत बोलत असत? काही तारीख आहे का?"

अन्वीचं हसू पहिल्यांदा ढळलं. "मॅम, ते कंटेंट टीमने फायनल केलंय."

"मी आज सकाळी बोलले. पाणी आलं नाही म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीशी. पुष्कळ बोलले. त्याला विचार."

आणि मला काही कळायच्या आत त्यांनी पर्समधून मार्कर काढला. कंटेनरच्या खोक्यांवर नंबर घालायचा, न पुसला जाणारा जाड लाल मार्कर. 'बोलत असत'वर आडवी रेघ मारली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बोलतात'. दुसऱ्या ओळीला लागल्या तेवढ्यात कुठेतरी घंटा वाजायला लागली. इंटरअॅक्टिव्ह संग्रहालय ते. फलकालासुद्धा फील झालं.

आम्हाला संचालकांच्या केबिनमध्ये नेण्यात आलं. कोणातरी जबाबदार माणसाला बोलवा म्हणाले, म्हणून मी म्हात्रे शेठना फोन केला. संचालक खादीचा झब्बा घातलेले, मृदू आवाजाचे गृहस्थ होते.

"घोसाळकर मॅडम, आम्ही तुमच्या भावनांचा आदर करतो."

"भावना नाहीत त्या. क्रियापद आहे."

"पण तुम्ही फलकाचं नुकसान केलंत."

"दुरुस्ती केलीय. शेजारी सही करायची राहिली, ती करून देते."

तेवढ्यात शेठ आले. पांढरे बूट, गळ्यात जाडजूड साखळी, घाम पुसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढली. "सायब, बाई बरोबर सांगते. माजे हापिसान तीस वर्सा हाय. मना मराठीनच शिव्या घालते. दुसरे भाषेन घातल्या असत्या तं मी कदी सुधारलो नसतो."

संचालकांना हसू आवरलं नाही. मग ते पुढे झुकून, अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला एक विचारतो. तुमच्या इमारतीत तुमच्या समाजाची किती घरं आहेत?"

"एक."

"सेक्टरमध्ये?"

"पूर्वी चार होती."

"मग सांगा. नव्या पिढीला आम्ही 'बोलतात' असं सांगितलं तर ती दिशाभूल होणार नाही का?"

"प्रार्थनेला आम्हाला दहा माणसं लागतात," मॅडम म्हणाल्या. "व्याकरणाला किती लागतात?"

संचालकांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "ठीक आहे. तुम्ही इथं आहात, हे तर मान्यच करावं लागेल. तुम्ही इथंच असणार आहात ना? मग आम्ही विचार करू."

याचं उत्तर मॅडम तडकाफडकी देतील असं मला वाटलं. त्यांनी दिलं नाही. पर्स उचलली, शेठना म्हणाल्या, "चला," आणि चालू लागल्या.

गाडी पाम बीच रस्त्याला लागल्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी चाललेय. पुढच्या महिन्यात. कागद झालेत सगळे."

त्यांची एकुलती एक मुलगी डायना लग्न करून इस्राएलला गेली होती, हे मला माहीत होतं. मॅडम कधी जातील असं डोक्यातच आलं नव्हतं.

"पवित्र भूमीबिमी काही नाही," त्या म्हणाल्या. "तिला दिवस गेलेत, चाळिशीत, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. हल्ल्याचा सायरन वाजला की पोट धरून जिन्यात जाऊन बसते. नवरा ड्युटीवर. मी इथं बसून काय करू, वेलांट्या मोजू?"

शेठनी गाडी कडेला घेतली. मग शेठ म्हणाले, "मंग त्या सायबाला सांगाचं नाय. तो लिवल 'बोलतात', तुमी जा गपचीप."

मॅडम वळल्या. रागावलेल्या नव्हत्या, पण आवाज ऑफिसातला होता. "शेठ, तीस वर्षांत तुमच्या एका तरी कागदावर मी खोटं डिक्लेरेशन केलंय?"

शेठनी नकारार्थी मान हलवली.

"मी गेले की त्याचंच वाक्य खरं ठरणार," त्या हळूच म्हणाल्या. "त्याचंच दुःख आहे."

पुढचे चार दिवस मॅडम ऑफिसात माणसांवर ओरडल्या नाहीत. ते फार वाईट चार दिवस होते. पाचव्या दिवशी त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं. फलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी कागदावर छापून घेतला होता.

"जाधव, हे वाच. मोठ्याने."

"बेने इस्राएल लोक मराठी बोलत असत."

"कुठं?"

"म्हणजे?"

"वाक्यात ठिकाण कुठंय?"

मी पुन्हा वाचलं. ठिकाण नव्हतं.

"मी मूर्ख," मॅडमचा चेहरा उजळला. "चार दिवस झोप घालवली. अगं, त्याने कुठं लिहिलंय कोकणात म्हणून? मी तिकडे जाऊन काय मुकी होणार आहे? डायनाला दमदाटी मी कुठल्या भाषेत करणार?"

त्याच दुपारी आम्ही पुन्हा बेलापूरला गेलो. मॅडमनी संचालकांसमोर एक फाइल ठेवली. कस्टमला देतात तशी, क्रमांक घातलेली. त्यात त्यांच्या आईने मराठीत उतरवलेल्या प्रार्थनांची वही होती, डायनाचे मराठी मेसेज छापून काढलेले होते, तिकडच्या एका गावातून चालणाऱ्या मराठी मासिकाचे अंक होते. आणि सगळ्यांत वर त्यांचं विमानाचं तिकीट.

"हे आधी बघा," त्यांनी तिकिटावर बोट ठेवलं. "तुम्ही विचारलं होतंत, इथंच असणार ना. नाही. मी जातेय. आता उरलेले कागद वाचा आणि मग ठरवा."

संचालकांनी तिकीट पाहिलं, फाइल वाचली. मध्ये एका मेसेजवर थांबून त्यांनी विचारलं, "हे काय आहे, 'आई, तू फार पकवतेयस'?"

"मराठीच आहे. चालू वर्तमानकाळ."

त्यांनी फाइल मिटली. "घाण्याचं वाक्य मात्र तसंच राहील, मॅडम. घाणे खरोखर राहिले नाहीत."

"तसंच ठेवा. घाणे बंद ठेवत असत, हे बरोबर आहे. मी उगीच तिथंही पेन लावत होते." त्या उठल्या. दारापाशी गेल्यावर वळून म्हणाल्या, "आणि त्या आजीला आडनाव द्या एखादं. बिचारी किती वेळ मलिदा करत बसेल?"

पंधरा दिवसांनी अन्वीचा फोन आला, पाठोपाठ फोटोही. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीवर नवी पट्टी लागली होती. मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला आणि पट्टीचा रंग एक छटा फिकट असल्याचं मत दिलं. मग फोटो डायनाला पाठवला. आणि मग, मी बघत असताना, शेठनाही पाठवला, जे चार टेबलांपलीकडेच बसले होते.

विमानतळावर शेठ लहान मुलासारखे रडले. लोक बघायला लागले. मॅडमनी त्यांना आपला रुमाल दिला, "शंभर किलोचा माणूस, शोभतं का?" असं म्हणाल्या, आणि स्वतः गॉगल लावला, तोही आत इमारतीत. मला त्यांनी जवळ घेतलं नाही, तशी त्यांना सवयच नव्हती. फक्त माझ्या ड्रेसच्या खांद्यावरचा धागा काढला आणि गेल्या.

आता दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. डायनाला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मॅडम सत्तरीला टेकल्यावर हिब्रूच्या वर्गात जातात. "वर्गात सगळ्यात ढ मी आहे," असं त्या जरा अभिमानाने सांगतात. "आणि गंमत बघ. तिथं मला सगळे ख्रिश्चन समजायचे, इथं सगळे हिंदुस्थानी म्हणतात. आणखी एखादा देश राहिलाय का गं?"

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा पलीकडून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, नंतर करते. "नको, ठेवू नकोस," मॅडम म्हणाल्या. "डायना आत्ता कुठे पडलीय. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मी फोन हिच्या कानाजवळ धरते."

मग मी बोलत राहिले. त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा प्रेशर येत नाही, जोशीकाकांचा मोतीबिंदू काढला, शेठनी नवी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी यार्डाच्या गेटला घासली. पलीकडचं रडणं मोठं झालं, मग कुरकुर झाली, मग नुसता श्वास ऐकू यायला लागला. मी तरी थांबले नाही. मार्केटात कांदा कुठून आला, माझ्या सासूबाई काय म्हणाल्या, सगळं सांगितलं.

"बस कर आता," मॅडम कुजबुजल्या. "झोपली. तुझं बोलणं ऐकून ऑफिसातही लोक असेच झोपायचे."